आत्यानं घासलेल्या फळ्या

"हणमा, ह्ये सगळं कुणी सांडलंय?"

ट्रकमधून उतरल्यावर गजराआत्याचा हा पहिला प्रश्न. समोर केलधारचा डोंगर होता, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पांढरा. आमच्या माण तालुक्यात एवढं पांढरं एकदम कुणी पाहिलेलं नव्हतं. आत्यानं नऊवारीचा काठ घोट्याच्या वर खोचला होता. पायांत बाबांचे लोकरी मोजे, दोनावर दोन, आणि त्यांवर बळेबळे चढवलेल्या चपला. बूट घालायला तिनं साफ नकार दिला होता.

"आक्का, पाय गारठतील," बाबा म्हणाले.

"गड्याचे बूट घालून हिंडू व्हय? गावात कळलं तर?"

"गाव दोन हजार किलोमीटर लांब आहे."

"गावाचं तुला ठावं न्हाई," आत्या म्हणाली. एक पाऊल टाकलं आणि बसली. तशीच बसून तिनं हातानं बर्फ चाचपलं, थोडं तोंडात टाकलं आणि म्हणाली, "ह्याला चव न्हाई."

माझे बाबा, नायब सुभेदार हणमंत फडतरे, स्कीचे राष्ट्रीय विजेते होते. उंचावरून सुसाट खाली येतात ती स्की नव्हे. बाबांची स्की सपाटीवरून, चढावरून, झाडांमधून मैलच्या मैल जायची. पायांत लांब अरुंद फळ्या, हातांत दोन काठ्या, आणि छाती फुटेस्तोवर पळायचं. माणदेशातला माणूस त्यात कसा गेला, याचं उत्तर ते स्वतःच देत. पलटणीत साहेबानं विचारलं, बर्फात कोण जाणार? बाबांना बर्फ म्हटल्यावर लग्नातलं सरबत आठवलं आणि त्यांनी हात वर केला.

गावात मात्र त्यांच्या पदकांना फारशी किंमत नव्हती. बाबा बर्फावरून घसरतात आणि त्याबद्दल सरकार त्यांना बिल्ले देतं, एवढंच गावाला कळलं होतं. त्यातही आत्याचा विश्वास सर्वांत कमी. "घसरल्याबद्दल बक्षीस?" ती विचारी. "मग आमच्या विहिरीच्या पायरीवर रोज चार जणांस्नी द्यायला पायजे." पण बोलायची ती एकटी. दुसऱ्या कुणी बाबांची थट्टा केली की त्याच्या घरचं सात पिढ्यांचं घसरणं ती बाहेर काढी. आजी गेली तेव्हा बाबा पाळण्यात होते. आत्यानं त्यांना कडेवर घेऊनच वाढवलं. सासरही गावातच केलं, कारण पोराला सोडून लांब जायला ती तयार नव्हती.

त्या वर्षी बाबांची ती शेवटची मोठी शर्यत होती. आत्यानं जाहीर केलं, "काय करतोस त्ये एकदा डोळ्यानं बघणार." आईला दिवस गेले होते, ती घरी राहिली. मी तेव्हा अकरा वर्षांची. स्टेशनांच्या पाट्या वाचायला म्हणून आत्यानं मला बरोबर घेतलं. सामानात बाजरीचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू, खोबरेल तेलाची बाटली, दोन नारळ आणि स्वतःचं उलथनं होतं. परक्या मुलखातल्या उलथन्यावर तिचा भरवसा नव्हता.

आम्हाला बाबांच्या बराकीमागची एक खोली मिळाली. संध्याकाळी आत्या स्टोव्हपुढे बसून भाकरीशी झगडत होती, कारण तिथं पीठ मळेपर्यंत पाणी गार होई. कोपऱ्यात बाबा फळ्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या हातात काळ्या मेणाची एक छोटी गोल डबी होती. फळीच्या तळाला, बरोबर मध्यावर, ते अंगठ्यानं मेण लावत, मग तळव्यानं चोळत, मग पुन्हा लावत. तान्ह्या बाळाला काजळ घालावं तसं. बाजूला नोरबू बसून सगळं पाहत होता.

नोरबू लडाखचा. बाबांनी त्याला तीन हिवाळे शिकवलं होतं, आणि आता तो त्यांच्याच विरुद्ध पळणार होता. बाबांनी त्याला स्कीबरोबर मराठीही शिकवली होती, पण ती शिकवली चढावर, दम लागलेला असताना. त्यामुळे त्याच्या मराठीत सभ्य शब्द कमी होते.

"आत्याजी," तो आदरानं म्हणाला, "भाकरी लई भारी आहे च्यायला."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबा मेणात फार गुंतले.

"त्याला वाटतं, च्यायला हे 'जी'सारखंच आहे," बाबा जरा वेळानं म्हणाले. "शेवटी लावायचं."

आत्यानं नोरबूला आणखी एक भाकरी वाढली.

जेवताना तिनं विचारलं, "उद्या पयला आलास तर काय व्हतंय?"

"मेजरसाहेब म्हणालेत, पहिला येईल तो इथं उस्ताद. पोरांना शिकवायचं, निवृत्तीपर्यंत बर्फातच राहायचं."

"आन् न्हाई आलास तर?"

"वय झालं म्हणतील. खाली मैदानात डेपो आहे. तिथं भांडारात बसवतील, ब्लँकेटं द्यायला."

"ब्लँकेटं बी कुणीतरी द्यायलाच पायजेत की."

"हो," बाबा म्हणाले. पण भाकरीचा तुकडा त्यांनी बराच वेळ हातातच धरला होता. "इथं सकाळी पहिल्यांदा फळी टाकली ना आक्का, की एक आवाज येतो. नवं लुगडं फाडल्यासारखा. तो ऐकला की दिवसभर दुसरं काही लागत नाही."

"लुगडं फाडायचं कशाला?" आत्या म्हणाली.

झोपण्याआधी बाबांनी फळ्या दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवल्या. त्या गारच राहिल्या पाहिजेत, असं म्हणाले.

सकाळी मला जाग आली ती खसखस आवाजानं. बाबा हजेरीला गेले होते. आत्या उंबऱ्यात बसली होती, फळ्या उलट्या करून मांडीवर घेतल्या होत्या, आणि उलथन्यानं मध्यभाग खरवडत होती. शेजारी पलटणीच्या लंगरातून आणलेलं कढत पाणी, नारळाची शेंडी, स्टोव्हचं रॉकेल आणि एक चिंधी.

"बघ की गं शालन," ती म्हणाली, "केवढा राप बसलाय. नुसता चिकट. ह्येच्यावर पळायचं म्हणं. पलटणीत एवढी माणसं, एकाला बी हात न्हाईत."

आमच्याकडे बेंदराला बैल असाच धुतात. अंग घासतात, शिंगं तासतात, खुरांना तेल लावतात, मग ओवाळतात. कामाची वस्तू ओवाळायची तर ती आधी स्वच्छ हवी. मळक्या बैलाला कुणी कुंकू लावत नाही. आत्या तेच करत होती. रॉकेलनं पुसून झाल्यावर तिनं बाटलीत गोठलेलं खोबरेल स्टोव्हवर पातळ केलं आणि फळ्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळलं. मग बरोबर मध्यावर, तळाला, हळदीकुंकवाची पाच पाच बोटं ओढली.

"वरून लाव की, खालून कशाला?" मी विचारलं.

"बैलाच्या खुरालाच तेल लावत्यात. चालायचं त्येच्यावर आसतंय."

तिची बोटं गारठून लाल झाली होती. एका नखातून रक्त आलं होतं, ते तिनं पदराला पुसलं. फळीवरून अंगठा फिरवून तिनं खात्री केली. "आता कसं गुळगुळीत. आता कुठं अडायचा न्हाई."

बाबा आले. त्यांच्या छातीवर नंबराचं कापड बांधलेलं होतं. त्यांनी फळ्या पाहिल्या.

मग वाकून त्यांनीही तळावरून अंगठा फिरवला.

"आक्का," ते म्हणाले, "केव्हापासून घासतीयेस?"

"तू गेल्यापासनं. काय रं, काही चुकलं का?"

बाबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "चकाचक केल्यास."

"मग. बस पाटावर."

पाट नव्हता. बाबा उलट्या बादलीवर बसले. आत्यानं त्यांना ओवाळलं. निरांजन वाऱ्यानं सारखं विझे आणि ती सारखं लावी. नारळ आपटला, तो तिसऱ्या फटक्याला फुटला. आत पाणी नव्हतं. चेंडूएवढा बर्फाचा गोळा होता. आत्या त्याच्याकडे पाहत राहिली.

"ह्यो शिंपडायचा कसा?"

"मी खिशात घेऊन जातो," बाबा म्हणाले, आणि खरंच घेऊन गेले.

शर्यत सुटायची जागा बराकीसमोरच होती. आत्या आणि मी दोरीला लागूनच उभ्या राहिलो. नोरबू बाबांच्या शेजारी होता. बाबांनी फळ्या बर्फावर ठेवल्या तेव्हा त्याला तळाचं कुंकू दिसलं. तो वाकून बाबांशी भराभर काही बोलला. खिशातून काहीतरी काढलं, बाबांच्या हाताकडे नेलं. बाबा हळू आवाजात एकच वाक्य बोलले. नोरबूनं मान वळवून आत्याकडे पाहिलं. आत्यानं त्याला हात केला. नोरबू आपल्या जागी जाऊन उभा राहिला, आणि त्याचा चेहरा शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा झाला होता.

"काय म्हणाला तो?" आत्यानं विचारलं.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

शिट्टी झाली. सगळे एकदम निघाले आणि समोरच्या पहिल्या चढाला लागले. बाकीचे झपाझप वर गेले. बाबांनी एक पाऊल वर टाकलं आणि एक पाऊल खाली आले. दुसरं टाकलं, पुन्हा खाली. तिसऱ्याला ते दोन्ही हातांवर पुढे पडले.

"कुणाच्या पाया पडतोय?" आत्या म्हणाली.

बाबा उठले. फळ्यांची टोकं बाहेर वळवून, गुडघे फाकवून, बदकासारखे ते चढू लागले. पब्लिकमध्ये हसण्याची एक लाट गेली. आमच्या शेजारी उभे असलेले मेजरसाहेब हसले नाहीत. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली, पुसली आणि परत लावली.

"फडतरे को क्या हो गया?" ते स्वतःशीच म्हणाले.

"त्येला काय व्हायचंय?" आत्यानं त्यांना मराठीतच उत्तर दिलं. "पयला चढ हाय. बैल बी पयल्या चढाला हबकून जातो. थांबा जरा."

मेजरसाहेबांना काय कळलं कोण जाणे, ते थांबले.

बाबा झाडांत शिरले तेव्हा शेवटून पहिले होते. त्यानंतर बराच वेळ दिसायला काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. आत्यानं कनवटीचा लाडू काढून मेजरसाहेबांना दिला. त्यांनी हातमोजा काढून तो घेतला आणि खाल्ला.

पहिल्या फेरीचा उतार आमच्या डाव्या हाताला होता. झाडांतून एक जण सुटला, मग दुसरा, मग नोरबू. मग बाकीचे, आणि सगळ्यांच्या मागून बाबा. पण ते येणं वेगळंच होतं. बाकीचे उतरत होते, बाबा सांडले होते. अंगाची घडी करून ते आले आणि एकामागून एक माणसं मागं टाकत सपाटीवर गेले. सपाटीवर पाय चालेनात, तेव्हा त्यांनी पाय जुळवून ठेवले आणि नुसत्या हातांनी, काठ्या रोवून रोवून, स्वतःला ढकलायला सुरुवात केली. पाणी उपसणाऱ्या माणसासारखे कमरेतून वाकत आणि उठत.

"बघा," आत्या मेजरसाहेबांना म्हणाली. "तेल लावलंया."

पण सपाटीनंतर पुन्हा चढ. बाबा पुन्हा बदक झाले, आणि कमावलेलं सगळं तिथं गेलं. मग पुन्हा उतार, पुन्हा तुफान. दुसऱ्या फेरीत पब्लिक हसत नव्हतं. बाबा उताराला दिसले की लोक ओरडू लागले, आणि चढाला लागले की गप्प होऊ लागले.

शेवटचा टप्पा म्हणजे आमच्यासमोरचा लहान चढ आणि त्यानंतर रेघ. नोरबू पुढे होता. त्याच्यामागे बाबा. बाकीचे लांब. चढाच्या मध्यावर नोरबू का कोण जाणे हळू झाला. एकदा मागं पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. बाबांनी मान वर करून काहीतरी ओरडून सांगितलं. अंतरामुळे शब्द कळले नाहीत, पण नोरबू अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखा उडाला आणि रेघ ओलांडून गेला.

बाबा दुसरे आले. रेघेपलीकडे ते बर्फात पडून राहिले, आणि त्यांच्या अंगातून वाफ निघत होती.

आत्या दोरीखालून गेली. दोनदा बसली, दोनदा उठली, आणि त्यांच्यापर्यंत पोचली.

"दुसरा आलास," ती म्हणाली. "ह्या बर्फात जन्मल्याली पोरं, आन् त्यात माणातला दुसरा. म्या खोटं समजत हुते रं हणमा. लई अवघड हाय ह्ये."

बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी तिचा हात धरला, उलटा केला आणि बोटांकडे पाहिलं. मग खिशातून नारळाच्या पाण्याचा गोळा काढला. तो निम्मा विरघळला होता. त्यांनी तो तोंडात टाकला.

"चव आहे," ते म्हणाले.

आत्यानं नोरबूलाही ओवाळलं, कारण पहिला तो आला होता. नोरबू मान खाली घालून रडत होता. आत्याला ते आनंदाचं रडणं वाटलं. तिनं उरलेले सगळे लाडू त्याला देऊन टाकले.

उस्ताद नोरबू झाला. बाबा मैदानातल्या डेपोत गेले आणि निवृत्त होईपर्यंत ब्लँकेटं देत राहिले. बर्फ त्यांना पुन्हा भेटलं नाही. फळ्या मात्र पलटणीनं त्यांना निरोपाची भेट म्हणून दिल्या, आणि त्या आमच्या घरात कणगीमागं उभ्या राहिल्या. आत्या गावात सांगत सुटली, "म्या फळ्या घासल्या म्हणून दुसरा तरी आला. तसाच गेला असता तर पार शेवटचा आला असता. हाताएवढा राप हुता." सांगताना बाबा समोर असले तर ते मान डोलावत. कुणी पहिले का आला नाहीत विचारलं तर म्हणत, "वय झालं होतं."

दर खंडेनवमीला आत्या उलथनं, शेंडी आणि तेल घेऊन येई. गावात कुणी नांगर पुजी, कुणी शिलाईचं मशीन, कुणी एसटीचं स्टिअरिंग. आमच्या घरी स्की. फळीचं एक टोक आत्या मांडीवर घेई, दुसरं बाबा धरून बसत.

गेल्या वर्षी बाबा गेले. नोरबूला उशिरा कळलं, रस्ते बंद होते. तो आला तेव्हा दिवस वगैरे सगळे होऊन गेले होते. साठी उलटलेला, गोरा, सुरकुतलेला माणूस आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "आत्याजी, उस्ताद गेले च्यायला." आत्यानं त्याला जवळ घेतलं.

संध्याकाळी मी त्याला एसटीपर्यंत सोडायला निघाले. फाटकाशी तो थांबला. खिशातून त्यानं मेणाची गोल डबी काढली, जुनी, पत्रा झिजलेला.

"ताई, ही त्या दिवशी खिशात होती," तो म्हणाला. "मध्ये हे नसलं की फळी वर चढत नाही, मागे पळते. उस्तादांनी रात्री लावलेलं. आत्याजींनी काढलं. मी म्हणालो, उस्ताद, घ्या, दोन मिनिटं लागतात, साहेब थांबतील."

"मग?"

"म्हणाले, नोरबू, लावायचं तर आधी हे कुंकू पुसावं लागेल. ती बघ समोर उभी आहे. तू पुसतोस?" नोरबूनं डबी बंद केली. "मी आत्याजींना बघितलं. त्यांनी मला हात केला. मी पळालो आपल्या जागी."

"आणि शेवटच्या चढावर काय ओरडले?"

"ते ताई तुम्हाला नाही सांगता येत."

"सांगा."

"म्हणाले, माझ्यासाठी थांबलास तर तंगडं मोडून हातात देईन. मध्ये आणखी शब्द होते. ते मी गाळले."

आम्ही दोघंही हसलो. एसटीची वेळ झाली. डबी त्यानं माझ्या हातात ठेवली.

त्या वर्षी घरात सण झाला नाही. यंदा खंडेनवमीला आत्या काठी टेकत आली. आता तिला नीट दिसत नाही. मी फळ्या कणगीमागून काढल्या, पाणी तापवलं. तिनं एक टोक मांडीवर घेतलं आणि उलथन्यानं चाचपत मध्यभाग खरवडू लागली. तिथं काढण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

"टोक नीट धर," ती म्हणाली. "हणमा कसा धरायचा. कधी हलू दिलं न्हाई."

मी घट्ट धरलं.

"तो नोरब्या फाटकापाशी काय सांगत हुता गं तुला? लई येळ उभा हुता."

"म्हणत होता, त्या दिवशी फळ्या फार छान घासल्या होत्या."

"मग. त्येला दिसलंच आसंल, शेजारीच तर हुता." आत्यानं तेल चोळलं. मग कुंकवाचा करंडा माझ्याकडे सरकवला. तिचे यजमान, आमचे मामा, गेल्यापासून ती कुंकवाला हात लावत नाही. "तू लाव. बरोबर मध्यावर. पाय तिथं आसतो त्येचा."

मी पाच बोटं ओढली. डबी माझ्या पर्समध्ये होती, ती तिथंच राहिली.

आत्यानं कुंकू चुकवून फळीवरून सावकाश अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गुळगुळीत झालं," ती म्हणाली. "आता कुठं अडायचा न्हाई."